परक्या देशात तुम्हाला पहिला हात कुणी दिला? आणि कसा दिला?

प्राची_परळ

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते आहे, कारण प्रश्न मनात पंधरा दिवस घोळतोय.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टांझानियाहून एक आई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा राहायला आलेत. मुलाला रक्ताचा कर्करोग आहे, उपचार सात-आठ महिने चालणार. परळमध्ये असे पेशंट कायम येतात, आपल्याला सवय आहे. पण ते बहुतेक बिहार, बंगाल, आसामचे. हे दोघं एका वेगळ्याच खंडातून आलेत. आईला इंग्रजी थोडं येतं, मुलाला शाळेपुरतं. लिफ्टमध्ये भेट झाली की मी हसते, तीही हसते. परवा धीर करून म्हटलं, "एनी हेल्प, प्लीज टेल मी." ती "थँक यू, सिस्टर" म्हणाली आणि दार लावून घेतलं. घरी आले आणि मला कळलं की मी काहीच दिलेलं नाही. कारण असं कुणी सांगत नसतं. मीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

२०१४ ते २०१८ आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला होतो, फॉयरबाख भागात. (मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं.) तिकडे केअरवोखं म्हणून एक पद्धत आहे. इमारतीतला जिना आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते. तुमचं झालं की तुम्ही ती शेजारच्या दाराला अडकवायची. पाटी दारावर असताना जिना तसाच राहिला तर कुणी भांडत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहतं.

मला पाचवा महिना होता, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं आणि नवरा कामासाठी हंगेरीत. शनिवारी संध्याकाळी आठवलं की पाटी आपल्या दारावर आहे. उठावं की नको अशा विचारात होते, तेवढ्यात बाहेरून झाडूचा आवाज. दार किलकिलं केलं तर समोरच्या सत्तरीच्या आजी माझा जिना पुसत होत्या. एक हात कठड्यावर, गुडघ्याला पट्टा. मी रडवेली होऊन काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हाताने "आत जा" अशी खूण केली. पुसून झाल्यावर पाटी माझ्या दारावरून काढून स्वतःच्या दारावर अडकवली. पुढचे दोन महिने जिन्याची पाळी माझ्यावर आलीच नाही. ती पाटी माझ्या दारावरून थेट त्यांच्याकडे जायची, आणि त्याबद्दल आमच्यात एक शब्द कधी झाला नाही.

तर प्रश्न असा: परक्या देशात तुमच्यासाठी कुणी काय केलं? आणि नक्की *कसं* केलं? मला तिसऱ्या मजल्यावर परत जायचंय, पण तेच "काही लागलं तर सांगा" घेऊन नाही.

---

खाडीवाला

प्राचीताई, फार चांगला धागा.

मी मस्कतला २००३ ते २०११. ओमानी माणसाच्या घरी गेलात की आधी खजूर आणि काहवा, म्हणजे तिकडची कॉफी. छोट्या बिनकानाच्या कपात, वेलचीचा वास. कप रिकामा झाला की लगेच भरतात. नको असेल तर कप हातात थोडा हलवायचा. मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा साहेबांच्या घरी गेलो तेव्हा सात की आठ कप प्यालो, कारण "नको" म्हणणं बरं दिसणार नाही असं वाटलं. शेवटी त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने माझं मनगट धरून कप हलवून दाखवला. सगळं घर हसलं, मीही हसलो. त्या घरात परका वाटायचं तिथेच संपलं.

पण खरी गोष्ट गोनूची. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ मस्कतवर आलं. ज्या शहरात पाऊस हीच बातमी, तिथे वाड्यांमधून नद्या वाहिल्या. (तिथे वाडी म्हणजे कोरडं नदीपात्र.) समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद पडले आणि नळाला पाणी नाही. जूनचा मस्कतचा उन्हाळा, घरात बायको आणि चार महिन्यांची मुलगी. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या ओमानी शेजाऱ्याने त्याच्या गावाकडून, डोंगरातून, पिकअपमध्ये टाकी भरून आणली. त्याची स्वतःची सात माणसं. पहिल्या दोन बादल्या आमच्या दारात. म्हणाला, "बाळ आहे तुमच्याकडे." एवढंच.

तुमच्या "कसं" या प्रश्नाचं उत्तर: त्याने विचारलं नाही. बाळ दिसत होतं, पाणी आणलं.

---

टिंब

पाटी काढून स्वतःच्या दारावर लावली. हे वाचून थांबलो बराच वेळ.

---

रोखठोक_बोरिवली

सगळ्यांच्या आठवणींचा आदर आहे, पण एक बाजू मांडतो. परदेशातला चांगुलपणा बऱ्याचदा तुमचा हुद्दा बघून येतो. तुम्ही इंजिनिअर, कंपनीने घर दिलेलं, विमा आहे. तिथेच बांधकामावर काम करणाऱ्या आपल्या माणसाला कोण काहवा पाजतो? पासपोर्ट मालकाच्या कपाटात, सुट्टी मालकाच्या मर्जीवर.

माझा स्वतःचा अनुभव युरोपातल्या एका शहरातला, देशाचं नाव घेत नाही. अकरा महिने राहिलो. शेजाऱ्यांनी एकदाही "कसे आहात" विचारलं नाही. घर सोडताना मालकाने अनामत रक्कम अडकवली, भिंतीला फोडणीचा वास लागला म्हणून. ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी राहायची आणि लोक उभे राहायचे. हेही लिहिलं गेलं पाहिजे, नाहीतर नव्याने जाणारी मुलं भलत्या अपेक्षा घेऊन जातात आणि पहिल्या हिवाळ्यात मोडून पडतात.

---

निवळीचा_बाबू

रोखठोक, तुझं म्हणणं खोटं नाय. पण हुद्दा नसलेल्यांचं पण सांगतो.

माझे वडील कुवेतला ड्रायव्हर होते, रत्नागिरीतून आमच्याकडची पंधरा-वीस माणसं तेव्हा तिकडे होती. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा घुसल्या. मी सहावीत. घरी फोन नव्हता, पोस्टमास्तरांकडे जाऊन बसायचो. आई रोज वडाच्या पारावर दिवा लावायची.

वडील ज्या घरात गाडी चालवायचे तो कुवेती मालक स्वतः पळायच्या तयारीत होता. त्याने जाताना वडिलांचा पासपोर्ट हातात दिला, तीन महिन्यांचा पगार दिला आणि गाडीच्या डिकीत पेट्रोलचे डबे भरून ठेवले. म्हणाला, तू तुझ्या माणसांना घेऊन जा. त्या गाडीत नऊ माणसं बसली. बसरा, बगदाद आणि मग जॉर्डनची सीमा. तिथे वाळवंटात छावण्या होत्या, हजारो माणसं. वडील सांगायचे, आजूबाजूच्या गावातले जॉर्डनी लोक टेम्पोतून रोट्या आणि टरबुजं आणायचे. एक म्हातारा रोज यायचा, पाण्याचा कॅन घेऊन, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापासून वाटायला सुरुवात करायचा. का, तर पुढच्यांना कुणीतरी देतंच. वडिलांनी ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली. गावात सत्यनारायणाच्या प्रसादाला बसले की तेही मागून वाढायला सुरू करायचे.

मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान आणि मुंबईचा सहार विमानतळ. लाखाच्या वर माणसं त्या दोन महिन्यांत अशी आणली. सहारला उतरले तेव्हा अंगावरचा सदरा सोडून काही नव्हतं.

त्याच देशात पासपोर्ट दाबून ठेवणारे मालकही होते. वडिलांच्याच खोलीतल्या एकाचा पासपोर्ट तसा गेला, त्याला बाहेर पडायला दीड महिना जास्त लागला. दोन्ही खरं आहे.

---

रोखठोक_बोरिवली

बाबू, शेवटच्या माणसापासून वाटणारा म्हातारा. नमस्कार त्यांना. माझा मुद्दा कायम आहे, पण हे वाचून बरं वाटलं.

---

मेघना_नेरूळ

मी तोक्योत होते, निशी-कासाईला. तिथे आपले इतके लोक आहेत की इडलीचं पीठ मिळतं. त्यामुळे पहिलं दीड वर्ष मला जपानी शेजाऱ्यांशी बोलायची गरजच पडली नाही, आणि मी बोललेही नाही. आज ते चुकलं असं वाटतं.

११ मार्च २०११, दुपारी पावणेतीन. मी शिंबाशीला ऑफिसात, विसाव्या मजल्यावर. भूकंपाचं वर्णन करत नाही. खाली आलो तेव्हा गाड्या बंद होत्या, फोन लागत नव्हते. घर दहा-अकरा किलोमीटर. हजारो माणसं रस्त्याच्या कडेने शांतपणे चालत होती, कुणी ढकलत नव्हतं. माझ्या पायात टाचांचे बूट. दोन तासांनी एका सायकलच्या दुकानासमोर थांबले, टाचा सोललेल्या. दुकानात एक बाई होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, आत गेल्या आणि स्वतःचे कापडी बूट आणि मोज्यांची न उघडलेली जोडी आणली. माझं जपानी तेव्हा "धन्यवाद" आणि "मांस नको" एवढंच. त्या गुडघ्यावर बसून माझ्या पायाला पट्टी लावत होत्या आणि मी फक्त "आरिगातो" म्हणत होते. बूट एक नंबर मोठे होते. अराकावा नदीवरचा पूल मी त्याच बुटांनी ओलांडला.

नंतर बूट धुऊन, डब्यात बेसनाचे लाडू घालून परत द्यायला गेले. त्यांनी लाडू घेतले, बूट घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र माझ्या पत्त्यावर संत्र्यांची पेटी आली! तिथे भेटीला उलट भेट द्यावीच लागते, हे मला तेव्हा कळलं. मग मी चिवडा नेला. त्यांनी चहा पाठवला. हे तीन वर्षं चाललं.

ताई, तुम्ही "कसं" विचारलंत म्हणून सांगते. मला बूट देणं जितकं मोलाचं होतं, तितकंच त्यांनी माझे लाडू घेणंही.

---

श्री_खवय्या

मेघना, "मांस नको" म्हणून भागत नाही तिथे. दाशी म्हणजे माशाचं पाणी जवळजवळ प्रत्येक सूपात असतं. मला एका उपाहारगृहात आचाऱ्याने बाहेर येऊन, चित्र काढून समजावलं होतं की यात मासा आहे, यात नाही, आणि यात आहे पण दिसणार नाही. तो कागद मी दीड वर्ष पाकिटात ठेवला. जिथे जाईन तिथे दाखवायचा.

---

उत्तरध्रुव

सध्या फिनलंडमध्ये, ताम्पेरेला. मूळ गाव लालबाग, त्यामुळे शांततेची सवय शून्य.

माझा शेजारी सात महिने काही बोलला नाही. लिफ्टमध्ये मान हलवायचा. मी ठरवून टाकलं होतं की याला आम्ही आवडत नाही. डिसेंबरमध्ये माझ्या मुलीचा एक हातमोजा हरवला. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दाराजवळच्या झुडपाच्या फांदीवर लावलेला, बोटं वर, जणू कुणी हात दाखवतंय. इथे सगळे तसंच करतात: हरवलेली वस्तू उचलून नजरेच्या उंचीवर ठेवतात. पण हा हातमोजा तर बालवाडीजवळ पडला होता, दीड किलोमीटरवर. तो कुणी आणला हे आम्हाला महिनाभर कळलं नाही. मग एक दिवस शेजाऱ्याने लिफ्टमध्ये आयुष्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं: "हातमोज्याला दोरी लावा, मुलांचे हरवतात."

रोखठोक, हे तुम्हाला उद्देशून. तुमच्या अकरा महिन्यांतले सगळे चांगले होते असं मी म्हणत नाही. ट्राममधल्या माणसांबद्दल तर नाहीच. पण न बोलणाऱ्यांपैकी काहींचं माझ्या शेजाऱ्यासारखंही असेल.

---

लालबागचा_नाना

सात महिने न बोलता! आमच्या चाळीत सात मिनिटं कोण बोललं नाही तर डॉक्टर बोलावतात.

---

तांबडा_पांढरा

थोडं विषयांतर, पण प्राचीताईंच्या प्रश्नाशी जोडलेलं. आपण सगळे "तिकडे आपल्याला कुणी मदत केली" लिहितोय. आपल्याकडे परके आले तेव्हाचं सांगतो.

कोल्हापूरजवळ वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथे जवळपास पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती, मुख्यतः बायका आणि मुलं. रशियनांनी त्यांना सायबेरियात नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोचले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत मुलांना ठेवून घेतलं ते अनेकांना माहीत असतं, वळिवडे कमी जणांना. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटचं पथक होतं.

माझे पणजोबा त्या वसाहतीत दूध घालायचे. आजी तेव्हा लहान, त्यांच्याबरोबर जायची. ती सांगायची, एक पोलिश बाई दुधाच्या घागरीतला फेस बोटाने चाटून दाखवायची आणि हसायची, मग आजीच्या केसांना रिबन बांधायची. भाषा नाही, काही नाही. पणजोबा मापापेक्षा थोडं जास्त घालायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "पोरांचं बघा की तोंड." युद्ध संपल्यावर ती मंडळी गेली, पण म्हातारपणीही त्यातले काही कोल्हापूरला येत राहिले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मी गेलो होतो तेव्हा तिथे उभा राहून आजीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "रिबन विकतात का रे तिथं?"

---

प्राची_परळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मेघना, तुझा मुद्दा डोक्यात अगदी घट्ट बसला. मला आता आठवतंय, जिना पुसणाऱ्या आजी नंतर एकदा माझ्याकडे वाटी घेऊन आल्या होत्या, हळद मागायला. मला तेव्हा वाटलं खरंच हळद संपली असेल. जर्मन आजींच्या घरी हळद कुठून असायला! त्यांनी मला देणारी केलं होतं. मग त्यांनी मला श्पेट्झ्ले शिकवले. पातळसर पीठ दाबयंत्रातून उकळत्या पाण्यात सोडायचं, अगदी आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखं, वर चीज आणि तळलेला कांदा. मी आपला पितळी सोऱ्या दाखवला तर त्या तो हातात धरून कितीतरी वेळ बघत होत्या.

पण तिसऱ्या मजल्याचं अजून अडलंय. सोसायटीत कुरबुर आहे, "आजारी माणसं, बाहेरचे लोक, भाडेकरू किती येणार". मी मीटिंगमध्ये बोलले, पण एकटी पडले. टांझानियाबद्दल कुणाला काही माहीत आहे का?

---

वरळीचा_आनंद

अहो, मी सहा वर्षं दार-ए-सलामला होतो! गोदीच्या कामावर. हा धागा आजच पाहिला.

पहिल्याच पावसाळ्यात मला मलेरिया झाला. खोलीत एकटा. आमच्या आवाराचा रखवालदार, तिथे त्याला अस्कारी म्हणतात, तो रात्री खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसला. फाटक सोडून! सकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. पहिला घोट घेतला आणि मला माझी आई आठवली. ती नाचणीची आंबील होती. ताक-मीठ नाही, थोडी साखर, पण नाचणीच. तिकडे तिला उजी म्हणतात, आणि नाचणीला उलेझी. लहान मुलांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला हीच देतात. तिने मला आठवडाभर उजी पाजली. पैसे देऊ केले तर नवरा-बायको दोघंही दुखावले.

तर ताई, नाचणीचं पीठ तुमच्या खालच्या किराणा दुकानात आहे. त्या आईला माहीत नसणार की इथे ते मिळतं, किंवा पुडीवरचं नाव वाचता येणार नाही. पुडी घेऊन जा आणि म्हणा "उलेझी".

आणखी काही शब्द देतो. कुणी थकलेलं, दुखावलेलं दिसलं की तिथे म्हणतात "पोले". आपल्या मराठीत याला एक शब्द नाही. "तुला त्रास होतोय हे मला दिसतंय" असा काहीसा अर्थ. "असांते" म्हणजे धन्यवाद, "कारिबू" म्हणजे या, बसा. लहान मुलं मोठ्यांना "शिकामू" म्हणतात, मूळ अर्थ पाय धरतो, म्हणजे आपलं पाया पडतोच. त्यावर तुम्ही म्हणायचं "माराहाबा". बाळ तुम्हाला शिकामू म्हणेल आणि तुम्ही माराहाबा म्हणालात तर त्या आईचा चेहरा बघा.

बाकी अर्धी भाषा तुम्हाला येतेच. चहा म्हणजे चाय, चपाती म्हणजे चपाती, दुकान म्हणजे दुका, रंग म्हणजे रांगी, हिशोब म्हणजे हेसाबू. शेकडो वर्षं अरब आणि गुजराती गलबतं त्या किनाऱ्याला जात होती, त्याचं हे देणं.

---

शुभदा_ठाणे

मी सात वर्षं परळमधल्या कर्करोगाच्या मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून काम करते. आनंद यांचं नाचणीचं अगदी उत्तम, पण ताई, आधी आईला सांगून रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारून घ्या. केमो चालू असताना मुलांची प्रतिकारशक्ती खूप खाली जाते. कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, बाहेरचं काही नको. ताजं, गरम, पूर्ण शिजलेलं हवं, पाणी उकळलेलं. फुलं नेऊ नका. घरात कुणाला साधी सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊ नका, दारात डबा ठेवा.

आता "कसं". माझा अनुभव सांगते. परदेशी आयांना सगळ्यात जास्त काय जड जातं? औषधं नाही, ती डॉक्टर सांगतात. जड जातं ते असं: गॅसचा सिलिंडर संपला तर कुणाला फोन करायचा. रात्री दोनला ताप चढला तर टॅक्सीवाल्याला काय सांगायचं. वीज गेली तर फक्त आपली गेली की सगळ्यांची. एका सुदानी आईने मला सांगितलं होतं की ती तीन दिवस अंधारात होती, कारण खालचा मेन स्विच पडलाय हे तिला कळलंच नाही. शेजाऱ्यांकडे दिवे होते, पण दार वाजवायचं धैर्य झालं नाही.

म्हणून मदतीला दिवस आणि वेळ लावा. "बुधवारी मी बाजारात जाते, पाच वाजता तुझी यादी घेते." "रात्री ताप आला तर आमची बेल वाजव, माझा नवरा गाडी काढेल, हे त्याला माहीत आहे." इतकं नेमकं. आणि एका मोठ्या कागदावर रुग्णालयाचं नाव आणि पत्ता मराठीत, हिंदीत लिहून द्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला. श्री_खवय्यांच्या पाकिटातल्या त्या चित्रासारखा.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. या मुलांना प्लेटलेट्स लागतात, पुन्हा पुन्हा. आपल्या पेशंटचे काका-मामा गावाहून येतात. या आईचं इथे कोण आहे? देणाऱ्याला यंत्रावर तास-दीड तास बसावं लागतं, फक्त प्लेटलेट्स काढून घेतात, बाकी रक्त परत शरीरात जातं. त्यामुळे रक्तदानासारखं तीन महिने थांबावं लागत नाही.

---

रोखठोक_बोरिवली

शुभदाताई, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेमकं हेच बोलायला हवं. प्राची, तुमच्या सोसायटीतल्या त्या कुरबुरणाऱ्यांत मला माझा ट्राममधला शेजारी दिसला. तिथे अकरा महिने माझ्या मनात एकच असायचं, की एका माणसाने तरी शेजारी बसावं. एकच पुरेसा होता. तुम्ही मीटिंगमध्ये एकट्या बोललात ना? त्या आईच्या कानावर ते कधी येणार नाही, पण तुम्ही बसलात शेजारी.

---

प्राची_परळ

कालचं लिहिते.

संध्याकाळी नाचणीच्या पिठाची पुडी घेऊन गेले. दार उघडलं, तर आईचे डोळे सुजलेले. मी एकच शब्द पाठ करून गेले होते. म्हटलं, "पोले." ती तशीच उभी राहिली. मग तिने दाराची चौकट धरली आणि खूप वेगाने काहीतरी बोलायला लागली, सगळं स्वाहिलीत. मला एक अक्षर कळलं नाही. मी ऐकत राहिले. दोन-तीन मिनिटं बोलली असेल. मग हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "कारिबू."

पुडी दाखवली, "उलेझी" म्हटलं. तिने पुडी उघडून वास घेतला आणि आत मुलाला हाक मारली. तो मास्क लावून आला, डोक्यावर क्रिकेटची निळी टोपी, केस गेलेत. मला बघून हळू आवाजात म्हणाला, "शिकामू." आनंदजी, मी "माराहाबा" म्हणाले. तुम्ही म्हणालात तसाच चेहरा झाला.

आहारतज्ज्ञांना तिने आज सकाळी विचारलं, चालेल म्हणाल्या. बुधवार पाच वाजताचं ठरलंय. गाडीचं नवऱ्याला सांगून ठेवलंय. मेन स्विच कुठे आहे ते खाली नेऊन दाखवलं. मी निघताना तिने मला थांबवलं आणि विचारलं, तुमच्या चपातीला पदर कसे सुटत नाहीत, मऊ असते पण सपाट असते. त्यांच्याकडे म्हणे तेल लावून, गुंडाळी करून, पुन्हा लाटतात, लच्छ्यासारखी. मी म्हटलं, मला शिकव. रविवारी दुपारी येणार आहे ती आमच्या ओट्यापाशी.

शुभदाताई, प्लेटलेट्सचं तुमचं बरोबर निघालं. काउंट खाली गेलाय, शनिवारी लागतील. मुलगा बी पॉझिटिव्ह. मी आणि नवरा दोघंही ओ आणि ए, रक्तपेढीने थांबायला सांगितलंय. इथे कुणी बी पॉझिटिव्ह आहे का?

---

टिंब

मी बी पॉझिटिव्ह. कल्याणहून येईन.

---

निवळीचा_बाबू

माझा पोरगा बी पॉझिटिव्ह, एकवीस वर्षांचा, तब्येतीने धडधाकट. त्याला विचारलं, येतो म्हणाला. त्याच्या आजोबांची गोष्ट त्याला तोंडपाठ आहे.

---

शुभदा_ठाणे

दोघांनीही आजपासून अ‍ॅस्पिरिनची गोळी घेऊ नका. रात्री नीट झोपा, सकाळी भरपूर नाश्ता करून या. आधी रक्त तपासतील, मग ठरवतील.

---

रोखठोक_बोरिवली

माझा गट बी नाही, एबी आहे. गाडी आहे माझ्याकडे. टिंब, कल्याणहून पार परळपर्यंत लोकलने नका येऊ दमत. ठाण्याला उतरा, पूर्वेला साडेसातला उभा असेन. पांढरी वॅगनआर.

---

टिंब

साडेसात. ठाणे पूर्व.